राखेच्या सावटाखाली परतीचा प्रवास : आम्सटरडॅम ते मुंबई, एप्रिल २०१०

बुधवार, १४ एप्रिल

नेदरलँड्समधील मुक्कामाचा शेवटचा मोकळा दिवस आम्ही लिसे गावाजवळच्या कॉयकनहोफच्या बागेसाठी राखून ठेवला होता. ट्युलिपचे ताटवे डोळे भरून पाहून संध्याकाळी हॉटेलवर परतलो, तेव्हा दूरचित्रवाणीवर आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीची दृश्ये चालू होती. त्याच्या बाजूच्या उतारावर २० मार्चपासून उद्रेक होतच होता आणि तो पाहायला पर्यटकही जात होते. पण आज मुख्य विवरात, हिमनदीच्या थराखाली, नवा उद्रेक झाला होता, बर्फ वितळून पूर आले होते आणि शेकडो रहिवाशांना हलवावे लागले होते. वितळलेले पाणी तप्त शिलारसाला भिडले की त्याचा काचेसारख्या बारीक कणांत चुरा होतो आणि वाफेच्या जोराने तो काही किलोमीटर उंच फेकला जातो. वारा ब्रिटन आणि उत्तर युरोपच्या दिशेने वाहत होता. आमचे मुंबईचे विमान दुसऱ्या दिवशी रात्री होते. माझ्या पतींनी झोपण्यापूर्वी रक्तदाबाच्या गोळ्या आणि सगळी कागदपत्रे मोठ्या बॅगेतून काढून खांद्यावरच्या पिशवीत ठेवली.

गुरुवार, १५ एप्रिल

सकाळी स्कॉटलंडचे विमानतळ बंद झाल्याची बातमी आली, दुपारी साऱ्या ब्रिटनचे आकाश बंद झाले. आम्ही चारच्या सुमारास स्किपोल विमानतळावर पोहोचलो तेव्हा लंडन, एडिंबरा, ऑस्लो अशा नावांपुढे एकामागून एक ‘रद्द’ अशी पाटी झळकत होती. लांब पल्ल्याच्या उड्डाणांचे मात्र अजून चालू होते, त्यामुळे आमच्या बॅगा घेतल्या गेल्या आणि हातात बोर्डिंग पासही पडले. संध्याकाळी सातच्या आसपास नेदरलँड्सचेही आकाश बंद करण्यात आले. एवढ्या मोठ्या विमानतळावर त्या क्षणी गोंधळ झाला नाही, उलट काही मिनिटे सगळे लोक फलकाकडे पाहत नुसते उभे राहिले, आणि मग सर्वांना एकाच वेळी सुचल्याप्रमाणे रांगा लागल्या.

रांग शेकडो माणसांची होती आणि काउंटरवर मोजकी माणसे होती. माझे पती रांगेत उभे राहिले आणि मी विमान कंपनीच्या फोन क्रमांकावर प्रयत्न करीत राहिले. दोघांपैकी ज्याला आधी माणूस भेटेल त्याने बोलायचे, असे आम्ही ठरवले होते. काउंटरच्या बाजूला प्रवाशांच्या हक्कांची एक छापील सूचना लावलेली होती. रांगेत करण्यासारखे दुसरे काही नसल्याने यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि या आठवड्यातले आमचे प्रत्येक पाऊल त्या एका कागदावर उभे होते असे मी आज म्हणेन.

युरोपीय संघाचा २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम युरोपीय संघातील विमानतळावरून निघणाऱ्या प्रत्येक उड्डाणाला लागू असतो, मग कंपनी कोणत्याही देशाची असो. उड्डाण रद्द झाले की प्रवाशाने दोहोंतून एक निवडायचे असते : तिकिटाचे पैसे परत, किंवा पर्यायी मार्गाने इच्छित स्थळापर्यंत प्रवास. दुसरा पर्याय निवडणाऱ्याला वाट पाहावी लागेल तोवरचे जेवणखाण, गरज पडल्यास हॉटेल, हॉटेलपर्यंतची ने-आण आणि दोन फोन किंवा निरोप यांची सोय कंपनीने करायची असते. अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरोची नुकसानभरपाईही या नियमात आहे. परंतु कंपनीच्या हाताबाहेरच्या असाधारण कारणाने उड्डाण रद्द झाले तर ती मिळत नाही, आणि ज्वालामुखीची राख हे तसे कारण होते याविषयी वाद नव्हता. राहण्या-जेवणाच्या सोयीची जबाबदारी मात्र असाधारण कारणानेही संपत नाही. रांगेतले बहुतेक लोक ६०० युरोवर तावातावाने बोलत होते आणि जे खरोखर मिळणार होते त्याची चौकशी फारच थोडे करीत होते.

रात्री अकरानंतर आमचा क्रमांक लागला. खिडकीतल्या मुलीने थकलेल्या पण सौम्य आवाजात विचारले, पैसे परत हवेत का. आमच्या पुढच्या काही जणांनी ते घेतले होते, कारण पैसे हातात आले की आपण मोकळे, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण परतावा घेतला की कंपनीशी असलेला करार तेथेच संपतो. त्यानंतर हॉटेल आपले, जेवण आपले, आणि सारा युरोप अडकलेला असताना चढ्या भावाने नवे तिकीट शोधण्याची जबाबदारीही आपली. आम्ही पर्यायी प्रवास मागितला, उड्डाण रद्द झाल्याचे कारणासह पत्र मागितले आणि बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव व वेळ वहीत लिहून घेतली. तिने होफडॉर्प गावातल्या हॉटेलची आणि जेवणाची कूपने दिली. आत गेलेल्या बॅगा मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत मिळणार नव्हत्या. आम्ही निघालो तेव्हा सभागृहात घडीच्या खाटा आणि चादरी आणून ठेवल्या जात होत्या.

शुक्रवार, १६ एप्रिल

सकाळी खिडकी उघडली तर आकाश निरभ्र, स्वच्छ निळे. स्किपोलच्या परिसरात एरवी दर मिनिटा-दोन मिनिटांनी डोक्यावरून विमान जाते. आज पांढऱ्या धुराची एक रेघदेखील नव्हती. इतक्या सुंदर हवेत विमाने का उडत नाहीत, या प्रश्नाने न्याहारीच्या टेबलावर अनेकांचा संयम सुटत होता, आणि ते मला समजत होते, कारण जो धोका डोळ्यांना दिसत नाही त्यावर विश्वास ठेवणे अवघड असते. धोका मात्र खरा होता. राखेतील सिलिकेटचे कण सुमारे ११०० अंश सेल्सिअसला वितळतात, विमानाच्या इंजिनातले तापमान त्याहून अधिक असते, आणि वितळलेली राख पुढच्या पात्यांवर जाऊन काचेसारखी थिजते. २४ जून १९८२ रोजी जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश जंबो विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. ती पुन्हा चालू झाली म्हणून ते जाकार्ताला उतरू शकले. डिसेंबर १९८९ मध्ये अलास्कातल्या रिडाउट ज्वालामुखीच्या राखेत एका डच विमानाचे तसेच झाले, आणि ते विमान याच आम्सटरडॅमहून निघालेले होते. या अनुभवांमुळे राख दिसली की त्या आकाशात जायचेच नाही असा दंडक होता. किती राख चालेल याचा आकडाच कोणी ठरवलेला नव्हता. म्हणून सगळेच बंद होते. ज्यांच्या हाती हा निर्णय होता त्यांनी तो घेतला याबद्दल मला त्या दिवशीही तक्रार नव्हती आणि आजही नाही.

दुपारी विमानतळावर जाऊन, दोन तास थांबून, बॅगा परत मिळवल्या. हे काम आधी उरकले पाहिजे असा माझ्या पतींचा आग्रह होता, कारण सामान कंपनीच्या ताब्यात असेपर्यंत आपल्याला दुसऱ्या कोणत्याही मार्गाने हलता येत नाही. त्याच सकाळी फ्रँकफर्टही बंद झाले होते आणि पॅरिस तर आदल्या रात्रीच बंद झाले होते.

पुण्याला फोन लावला. सासूबाईंचा आवाज शांत होता. “सावकाश या गं. कालपासून अधिक महिना लागलाय, आता कुठे लग्नंमुंजी आहेत की तुमच्यावाचून काही अडेल,” त्या म्हणाल्या. त्या वर्षी अधिक वैशाख होता आणि घरातले एक लग्न त्यामुळेच पुढे गेले होते. तेवढ्या आधारानेही बरे वाटले.

शनिवार, १७ एप्रिल

दोन कामे आज होणे भाग होते. पहिले व्हिसाचे. आमचा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांसाठी मिळून चालणारा एकच व्हिसा, रविवार, १८ एप्रिलपर्यंतच होता, आणि तो संपल्यावर त्या प्रदेशात राहणे ही साधी बाब नाही, कारण पुढच्या प्रत्येक अर्जावर तिची छाया पडू शकते. शेंगेन देशांची नवी व्हिसा संहिता बरोबर त्याच महिन्यात, ५ एप्रिलपासून, लागू झाली होती आणि तिच्या ३३ व्या कलमात अशी तरतूद आहे की अनिवार्य आपत्तीमुळे मुदतीत देश सोडता आला नाही तर मुदतवाढ द्यावी आणि तिचे शुल्क घेऊ नये. विमानतळावरच्या सीमापोलिसांच्या खिडकीवर आम्ही कंपनीचे गुरुवारचे पत्र, मूळ तिकीट आणि परतीच्या प्रवासाची मागणी नोंदवल्याचा कागद असे तिन्ही पुढे केले, आणि फारसे प्रश्न न विचारता काम झाले. मुदत संपण्याच्या आधी जाणे महत्त्वाचे होते. मुदत उलटून गेल्यावर तीच कागदपत्रे घेऊन जाणाऱ्याला समजूत घालावी लागते, हे शेजारच्या खिडकीवर दिसत होते.

तेथेच काचेपलीकडच्या भागात शेंगेन व्हिसा नसलेले प्रवासी दिसत होते. अमेरिकेहून किंवा आफ्रिकेतून येऊन केवळ विमान बदलण्यासाठी उतरलेली ही माणसे विमानतळाबाहेर पाऊलही टाकू शकत नव्हती. आम्हाला निदान हॉटेलातली खाट आणि रस्त्यावरची मोकळी हवा होती. त्यांना दिवस-रात्र तेच दिवे आणि त्याच घोषणा. त्यांत साडी नेसलेली, एकटीच प्रवास करणारी एक वृद्ध स्त्री होती. अलीकडून खुणांनी विचारपूस करण्यापलीकडे मला काही करता आले नाही. मधला थांबा कोणत्या देशात आहे आणि तेथे अडकलो तर बाहेर पडता येईल का, हा प्रश्न तिकीट काढतानाच विचारावा असे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगते, विशेषतः आईवडिलांना एकटे परदेशी बोलावणाऱ्या मुलांना.

दुसरे काम गोळ्यांचे. रक्तदाबाच्या गोळ्या मंगळवारपर्यंत पुरल्या असत्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहिलेले होते, व्यापारी नाव नव्हे, त्यामुळे होफडॉर्पच्या औषधविक्रेत्याला ते लगेच ओळखता आले. तिथल्या डॉक्टरची सही मात्र लागली, आणि शनिवार असल्याने अर्धा दिवस त्यातच गेला.

संध्याकाळी आम्सतेलफेन येथे राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाने, ज्यांची आमची ओळख केवळ पुण्यातल्या शेजाऱ्यांमार्फत होती, आग्रहाने जेवायला नेले. वरणभात, लिंबाची फोड आणि बटाट्याची भाजी. विमानतळावरच्या थंडगार पावावर दोन दिवस काढलेल्या शाकाहारी माणसाला त्या पानाचे मोल वेगळे सांगायला नको. त्यांच्या घरातल्या संगणकावर बसूनच आम्ही पहिल्यांदा युरोपचा पूर्ण नकाशा नीट पाहिला : उत्तर आणि मध्य युरोप बंद, उत्तर इटली बंद, परंतु रोम, अथेन्स, माद्रिद, लिस्बन चालू. त्याच दिवशी डच आणि जर्मन कंपन्यांनी प्रवाशांविना चाचणी उड्डाणे केल्याची बातमीही तेथेच वाचली.

रविवार, १८ एप्रिल

थांबायचे की निघायचे, यावर आम्ही दोघे सकाळभर बोललो. थांबण्याच्या बाजूने बरेच काही होते : हॉटेल मिळालेले, व्हिसाची सोय झालेली, ओळखीचे घर जवळ. चाचणी उड्डाणे सुरळीत पार पडल्याने एक-दोन दिवसांत आकाश खुले होईल असे सगळे म्हणत होते. परंतु आकाश खुले होणे आणि आपल्याला जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या दिवशी विमाने सुटतील त्या दिवशीच्या विमानांत त्या-त्या दिवसाचे तिकीट असलेले प्रवासी आधीच असतात, आणि त्यांची जागा काढून ती गुरुवारपासून अडकलेल्यांना दिली जात नाही. उरलेल्या मोजक्या खुर्च्यांवर मागचे सगळे बसवायचे, म्हणजे जो जितका आधी अडकला तो आधी सुटेल असे मुळीच नव्हते. त्या रविवारी एरवीच्या २४ हजारांच्या जागी युरोपभर जेमतेम पाच हजार उड्डाणे झाली. साचलेले लोक किती असतील याचा यावरून अंदाज येतो.

म्हणून आम्ही फोनवर कंपनीला विशिष्ट मागणी केली : आम्ही जमिनीवरून रोमपर्यंत येतो, रोमहून मुंबईपर्यंत कोणत्याही कंपनीच्या विमानात जागा द्या. नुसते “आम्हाला घरी पोहोचवा” म्हटल्यावर “वाट पाहा” एवढेच उत्तर मिळत होते. उड्डाणाचा क्रमांक, तारीख आणि मोकळ्या जागा सांगितल्यावर पलीकडचा माणूस संगणकात पाहू लागला. पाऊण तासाच्या त्या संभाषणानंतर मंगळवारी दुपारी रोमहून दुबईमार्गे मुंबई अशी दोन तिकिटे पक्की झाली. मधला थांबा सुमारे पंधरा तासांचा होता, आणि तो आम्ही आनंदाने घेतला. बदललेले तिकीट ई-मेलने येऊन छापील प्रत हातात पडेपर्यंत यांनी फोनजवळून उठू दिले नाही.

रेल्वेचे तिकीट मिळवणे त्याहून कष्टाचे ठरले. फ्रान्समध्ये त्याच सुमारास रेल्वे कर्मचाऱ्यांचा संप चालू होता, म्हणून पॅरिसमार्गे जाण्यात अर्थ नव्हता. कोलोन, म्युनिक आणि आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून इटली हाच मार्ग उरला. आम्सटरडॅमच्या मुख्य स्थानकावर आंतरराष्ट्रीय तिकिटांची रांग दारापर्यंत आली होती. रांगेतल्या चर्चेत त्या दिवशी क्राकोव्ह येथे होणाऱ्या पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांच्या अंत्यसंस्काराचा विषय होता, ज्याला अनेक राष्ट्रप्रमुखांना राखेमुळे जाता आले नाही. जर्मनीच्या चान्सलर मर्केल अमेरिकेहून परतताना लिस्बनला उतरून, पुढे रोमपर्यंत विमानाने आणि तेथून रस्त्याने बर्लिनला निघाल्याचेही कोणी सांगितले. सत्ता आणि साधने असलेल्यांनाही त्या आठवड्यात जमीनच धरावी लागली.

सोमवार, १९ एप्रिल

सकाळच्या गाडीने आम्सटरडॅम सोडले. जर्मन गाड्यांत आरक्षणाशिवाय चढता येते, त्यामुळे गाडी भरली तरी कोणाला उतरवले नाही. दोन डब्यांमधल्या जागेत बॅगांवर बसलेले विद्यार्थी होते, कडेवर मूल घेतलेली आई होती, परिषदेहून परतणारे डॉक्टर होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात दुसऱ्याला उपयोगी पडेल अशी काहीतरी माहिती होती : कोणत्या शहरातून बस सुटते, कोणत्या स्थानकावर सामान ठेवता येते. अडीच-पावणेतीन तासांनी कोलोनला उतरलो. स्थानकाच्या दारातून बाहेर आले की ते प्रचंड कॅथेड्रल अक्षरशः समोर उभे असते. जोडगाडीला तासभर होता, म्हणून आळीपाळीने एकाने सामान सांभाळले आणि दुसऱ्याने दहा मिनिटे आत जाऊन काचचित्रे पाहिली.

कोलोन ते म्युनिक उभ्याने आणि बसत-उठत गेले. म्युनिकला रात्रीच्या रोमच्या गाडीत शयनयान मिळणे शक्यच नव्हते. बसायच्या डब्यात दोन जागा मिळाल्या त्याच मोठ्या. गाडी सुटण्यापूर्वी स्थानकावरच्या पडद्यावर बातमी आली की युरोपीय वाहतूकमंत्र्यांच्या बैठकीत आकाशाचे राखेच्या प्रमाणानुसार तीन विभाग करण्याचे ठरले असून मंगळवार सकाळपासून उड्डाणे हळूहळू सुरू होतील, आणि स्किपोलहून तर त्याच रात्री काही विमाने सुटत आहेत. डब्यातले एक जोडपे हे ऐकून उतरले आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला गेले. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि जागा सोडली नाही. हातात पक्के तिकीट होते; मागे होती ती शक्यता.

रात्री केव्हातरी गाडी ब्रेनरच्या चढावर लागली. खिडकीबाहेर काळोखात बर्फाचे पट्टे दिसत होते. थंडी चांगलीच होती आणि आम्सतेलफेनहून बांधून दिलेल्या दशम्या त्या वेळी आम्ही डब्यातल्या सर्वांबरोबर वाटून खाल्ल्या.

मंगळवार, २० एप्रिल

सकाळी रोमच्या टर्मिनी स्थानकावर उतरून थेट फ्युमिचिनो विमानतळाची गाडी धरली. रोम पाहण्याचा मोह नव्हता असे नाही. परंतु अशा दिवसांत वेळेच्या कितीतरी आधी पोहोचणे आवश्यक असते, कारण दुसऱ्या कंपनीने काढून दिलेले तिकीट पहिल्या फेरीत संगणकावर दिसत नाही असे वारंवार घडते. आमच्या बाबतीतही जवळपास तसेच झाले. तिकीट दिसत होते, पण ते पूर्णपणे वर्ग झालेले नव्हते, आणि आम्सटरडॅमच्या कंपनीच्या माणसाला फोन लावून ते पुरे करून घ्यायला दीड तास लागला. रविवारच्या ई-मेलची छापील प्रत आणि वहीत टिपलेले संदर्भ क्रमांक नसते तर तो दीड तास पुरला नसता. पारपत्र तपासणाऱ्या अधिकाऱ्याने मुदतवाढीचा शिक्का पाहिला, “राख?” एवढेच विचारले आणि पान उलटले.

विमान वेळेवर सुटले. ब्रिटनचे आकाश त्याच रात्री खुले झाले; तेथील नियामकांनी इंजिन-उत्पादकांच्या सल्ल्याने घनमीटरमागे दोन मिलिग्रॅमपर्यंतची राख चालेल अशी मर्यादा ठरवली होती. जो आकडा पाच दिवसांपूर्वी अस्तित्वातच नव्हता तो असा आठवड्याच्या रेट्यातून जन्माला आला.

बुधवार, २१ एप्रिल

मध्यरात्रीच्या सुमारास दुबईला उतरलो. पंधरा तासांचा थांबा म्हटला की लोकांच्या अंगावर काटा येतो, आणि शरीर शिणलेले असेल तर तो खरोखरच कठीण जातो. आम्ही त्या वेळेची सरळ वाटणी केली. प्रथम बदली काउंटरवर जाऊन, मुंबईच्या आधीच्या विमानात जागा आहे का, निदान प्रतीक्षायादीत नाव घालता येईल का, हे विचारले. जागा नव्हती, पण विचारल्यामुळे जेवणाची कूपने मात्र मिळाली, जी न मागणाऱ्याला मिळत नव्हती. मग कपडे बदलून, तोंड धुऊन, गर्दीच्या दुकानांपासून दूरच्या दरवाजांकडे गेलो. विमानतळाच्या टोकाच्या भागात दिवे सौम्य असतात, घोषणा कमी असतात आणि पाय पसरता येतील अशा खुर्च्या मोकळ्या सापडतात. सामानाची दोरी मनगटाला बांधून आळीपाळीने तीन-तीन तास झोपलो. पहाटे तेथून फोन केला आणि पुण्याहून मुंबईला येणाऱ्या गाडीची वेळ कळवली.

सकाळभर विमानतळ युरोपकडे निघालेल्या लोकांनी भरलेला होता. त्यांची अडवणूक आमच्यासारखीच, फक्त उलट दिशेची. कित्येकांनी गेल्या गुरुवारपासून दुबईत मुक्काम केला होता. लंडनला जाणाऱ्या विमानासाठी नावे पुकारली जात तेव्हा दरवाजाशी उभी असलेली माणसे आपले नाव ऐकून रडतही होती. केनियातील गुलाब-उत्पादकांच्या शेतांवर खुडलेली फुले विमानांअभावी फेकून दिली जात असल्याची चित्रे तेथल्या पडद्यावर दिसली. ती फुले एरवी स्किपोलजवळच्या आल्समेरच्या लिलावात गेली असती. आम्ही होफडॉर्पला राहत होतो तेथून ते गाव अगदी जवळ आहे. त्या शेतांवर रोजंदारी करणाऱ्या बायकांना कोणत्याही नियमाने कूपन मिळणार नव्हते.

मुंबईच्या दरवाजाजवळ चिपळूणकडच्या काही तरुणांचा गट भेटला. शारजात काम करणारी ही मुले सुट्टीवर घरी चालली होती. त्यांना ज्वालामुखीची झळ लागली नव्हती, पण आमची हकीकत ऐकून त्यातल्या एकाने, “काकू, तुम्ही बसा, मी सामान बघतो,” म्हणून दोन्ही बॅगा उचलल्या. रात्री सहारच्या विमानतळावर उतरून द्रुतगती मार्गाने पुण्याला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटली होती.

नंतरचे व्यवहार

परतल्यावर आम्ही कंपनीला सविस्तर पत्र लिहिले. होफडॉर्पच्या हॉटेलचे शेवटच्या दोन रात्रींचे बिल कूपनांबाहेरचे होते, जेवणाच्या पावत्या होत्या आणि रेल्वेची तिकिटे होती. प्रत्येक खर्चापुढे तारीख, कारण आणि पावतीची प्रत जोडली. नुकसानभरपाईची मागणी केली नाही, कारण ती लागू नव्हती, आणि न लागणारी मागणी घातली की खऱ्या मागणीचे उत्तरही लांबते. पहिल्या उत्तरात कंपनीने जेवणाचे पैसे मान्य केले आणि बाकीचे नाकारले. दुसऱ्या पत्रात आम्ही नियमातील कलमे उद्धृत केली, तेव्हा हॉटेलचे पैसे आले. रेल्वेच्या भाड्यासाठी तिसरे पत्र लागले आणि वर्ष संपता-संपता त्याचाही निम्मा भाग मिळाला.

पुढे याच राखेच्या आठवड्यातले एक प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयात गेले. पोर्तुगालमधल्या फारोहून डब्लिनला जाणारे १७ एप्रिलचे उड्डाण रद्द झाल्यामुळे अडकलेल्या एका प्रवाशाने राहण्या-जेवणाचे सुमारे ११३० युरो मागितले होते, आणि एवढी मोठी आपत्ती असाधारण कारणाच्याही पलीकडची असल्याने आपल्यावर जबाबदारी येत नाही असे कंपनीचे म्हणणे होते. ३१ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने ते फेटाळले. कितीही मोठी आपत्ती असली तरी अडकलेल्याची काळजी घेण्याची जबाबदारी राहते, तिला दिवसांची किंवा रकमेची वरची मर्यादा नाही, मात्र परत मिळेल तो खर्च आवश्यक, योग्य आणि वाजवी असला पाहिजे, असा तो निर्णय आहे. आमचे रेल्वेचे राहिलेले पैसे मागण्यासाठी मी तो निर्णय जोडून आणखी एक पत्र पाठवले. उत्तर आले नाही. तोवर मुदत उलटली असावी. परंतु त्यानंतर परदेशी जाणाऱ्या आमच्या नात्यातल्या प्रत्येकाला मी त्या नियमाची दोन पाने मराठीत करून देते, आणि पिशवीत गोळ्यांशेजारी ठेवायला सांगते.